पाखराचे घरटे व मोहाचे झाड

शास्त्रभाग: अनुवाद २२:६–७, निर्गम २१:३३–३४.
पाठाचा हेतु: रानावर निर्वाह करणाऱ्याने काय घ्यावे व काय राखावे, हे समजणे.

१. देवाची आज्ञा. वाटेत पाखराचे घरटे आढळल्यास पिले न्यावयास मोशेच्या नियमशास्त्रात मोकळीक आहे. परंतु मादीला सोडून द्यावे, अशी आज्ञा आहे. घेण्यास मनाई नाही. मूळच नाहीसे करण्यास आहे. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेला कल्याणाचे व दीर्घायुष्याचे जे अभिवचन जोडलेले आहे, तेच या लहानशा आज्ञेलाही आहे. म्हणून कोणी तिला क्षुल्लक समजू नये.

२. आपल्या देशातील उदाहरण. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले व १९९५ साली अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या भोवतालचे पुष्कळ शेतकरी पावसावर धानाचे एकच पीक काढतात. पुढे घरात दाणे कमी होऊ लागतात, तेव्हा चैत्राच्या सुमारास मोहाची फुले गळतात आणि त्यानंतर तेंदूपानांचा हंगाम येतो. सरपण, बांबू व जनावरांचा चारा हीही रानाचीच देणगी. इतकेच नव्हे, तर रानातील पालापाचोळा पावसाचे पाणी धरून ठेवितो, ते हळूहळू ओढ्यात व तलावात उतरते, आणि त्यावर धान पिकते. रान गेले तर शेतही गेले.

तरी फुले सहज दिसावी म्हणून कित्येक जण मोहाखालचा पाला पेटवितात. मोठे झाड वाचते, परंतु त्याची रोपे जळतात. मग नातवंडांनी फुले कोठून वेचावी? हेच पिलांबरोबर मादीला धरणे होय. त्यापेक्षा जागा खराट्याने झाडावी. तसेच फुले वेचावयास अंधारात एकट्याने जाऊ नये. चांगले उजाडल्यावर चारचौघांनी मिळून जावे. वाकलेला मनुष्य वाघाला सावजासारखा भासतो.

३. शेजाऱ्याचा जीव. रानडुकरे एका रात्रीत उभे पीक लोळवितात, हे दुःख खरे आहे. परंतु त्यावर उपाय म्हणून कुंपणात विजेचा प्रवाह सोडणे हे पाप आहे, व कायद्याने गुन्हाही आहे. अशा तारेने वाघ मेले आहेत, आणि शेतकरीही मेले आहेत. उघड्या ठेविलेल्या खड्ड्यात शेजाऱ्याचा बैल पडला तर खड्ड्याच्या धन्याने भरपाई द्यावी, असे शास्त्र सांगते. मग शेजारीच पडला तर देवाला काय उत्तर द्याल? नुकसान होताच वनखात्यास कळवून पंचनामा करवावा व भरपाई मागावी. पैसा उशिरा मिळाला तरी तो निर्दोष असतो.

४. हक्क व कर्तव्य. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या रानावर निर्वाह करणाऱ्यांचा गौण वनउपजावरील हक्क मान्य केला, आणि त्याच कायद्याने वन व वन्यजीव राखण्याचा भार ग्रामसभेवर ठेविला. भीतीने हक्क सोडू नये. लोभाने कर्तव्य विसरू नये.

उपदेशकांनी मंडळीस विचारावयाचे प्रश्न:
(१) आपल्या गावात “मादीला धरणे” कोणत्या रीतीने चालते?
(२) आपल्या शेतातील पाणी कोठून येते?
(३) पीक गमावलेल्या कुटुंबास भरपाई मिळेपर्यंत मंडळीने कोणते साहाय्य करावे?