नसांचं काम आता डोळ्यांवर

मधुमेह म्हटलं की लोक विचारतात, "फास्टिंग किती?" आकडा सांगितला की चौकशी संपली. पण वर्षानुवर्षं वाढलेली साखर नसांना धरते आणि नसा जशा पायांत असतात तशा पोटातही असतात, हे फारसं कुणाच्या गावी नसतं. माझे दोन्हीकडचे हाल झाले, म्हणून हे लिहिते आहे.

१. सगळंच पित्त नसतं. दोन घासांत पोट गच्च, दिवसभर मळमळ आणि सकाळची भाजी संध्याकाळी उलटीतून जशीच्या तशी बाहेर. नणंदेचं निदान तयार होतं: "वहिनी, पित्त झालंय, कोकम सरबत घ्या." खरं कारण म्हणजे मेंदूकडून जठराकडे येणारी व्हेगस नस दुबळी झालेली, त्यामुळे जठर अन्न पुढे ढकलतच नव्हतं. याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. आधी एंडोस्कोपीने आत कुठे अडथळा नाही ना ते बघतात. मग किंचित किरणोत्सारी द्रव्य घातलेलं खाणं देतात आणि ते किती सरकलं हे कॅमेऱ्यावर मोजतात. ४ तासांनंतरही १० टक्क्यांहून जास्त जठरातच उरलं, तर जठर मंदावलंय हे नक्की. तपासणीच्या दिवशी साखर फार चढलेली नको. चढलेली साखर एरवीही जठराला सुस्त करते.

२. मधुमेह्याचा आहार इथे उलटा होतो. भाकरी, मटकीची उसळ, कच्ची कोशिंबीर, सालासकट पेरू, म्हणजे जे जे आवर्जून खा म्हणतात, तेच माझ्या पोटात ठाण मांडून बसतं. चोथा आणि तेल-तूप दोन्ही सावकाश सरकतात. मऊ भात, मुगाचं वरण, वाफवून घोटलेला दुधी, असं थोडं थोडं पाच-सहा वेळा खाते. संध्याकाळनंतर शक्यतो पातळच. पातळ अन्न मंद जठरातूनही बऱ्यापैकी निसटतं. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. भाताने साखर वाढते? वाढते. तो हिशेब डॉक्टरांबरोबर बसून इन्सुलिनमध्ये लावायचा. एकादशीची तुपातली, दाण्याचं कूट घातलेली खिचडी मी सोडली. विठोबा समजून घेतो, नणंद नाही.

३. इन्सुलिन धावतं, जेवण रेंगाळतं. सुई जेवणाआधी घेतली तर अन्न रक्तात उतरायच्या आतच साखर खाली येते, घाम सुटतो. नंतर भलत्याच वेळी आकडा वर उसळी मारतो. माझी सुईची वेळ डॉक्टरांनी बदलून दिली. आपल्या मनाने हे करू नये. पर्समध्ये ग्लुकोज पावडर असतेच. साखर उतरल्यावर बिस्किट किंवा पेढा कामाचा नाही, तो जठरातच अडकतो. पाण्यात कालवलेलं ग्लुकोज घोट घोट घ्यावं.

४. जठर हलवणाऱ्या गोळ्या जुन्या चिठ्ठीवर महिनोन्महिने आणू नयेत. मेटोक्लोप्रमाइड किंवा लेव्होसल्पिराइडने काहींचे हात थरथरतात, चाल जखडते. आणि घरचे म्हणतात, वय झालं.

५. आता पाय. तोंड धुताना डोळे मिटले की मी बेसिनसमोर झोकांडते. पाय कुठे टेकलाय हे नस सांगत नाही, तेवढ्यापुरते डोळेही रजेवर असतात. म्हणून एक हात बेसिनच्या कडेवर ठेवते, रात्री बाथरूमपर्यंत दिवा जळता ठेवते. चप्पल पायातून निसटली तरी पत्ता लागत नाही. मागे पट्टा हवाच. डॉक्टर तळव्याला नायलॉनचा जाडसर दोरा टेकवतात, तो १० ग्रॅम दाबाला वाकतो. तो कळला नाही तर पाय बधिर झालाय असं समजायचं. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवून दिलं होतं: पाय झडतात ते मुख्यतः दुखणं न कळल्यामुळे. त्या रुग्णांसाठी वापरात आलेल्या मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) तळाच्या चपला आज मधुमेहीही घालतात. दिसायला बेढब आहेत खऱ्या, पण मी लग्नालाही त्याच घालते.

चप्पल घालण्याआधी झटकायची. अंघोळीचं पाणी पायाने नव्हे, कोपराने बघायचं. रोज रात्री आरसा धरून तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. देवळाच्या तापलेल्या फरशीवर दुपारची प्रदक्षिणा नाही. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्यावं. ते कमी पडलं तरी मुंग्या येतात आणि दोष सगळा साखरेवर जातो.

६. उठायची घाई नको. पलंगाच्या कडेला जरा बसून, पाय हलवून मगच उभी राहते. नसा बिघडल्या की उभं राहताना रक्तदाब सावरत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते. बाथरूममध्ये भिंतीला दांडा बसवला तेव्हा घरात कुरकुर झाली, "म्हाताऱ्यांचं घर वाटतं." आता तोच दांडा सगळे धरतात.

७. लग्नकार्य टाळायचं नाही. स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी बघायचं, कारण हेच पोट कधी कधी एकाएकी धावायलाही लावतं. मग दाराजवळची खुर्ची धरायची. यजमान आग्रहाने जिलबी घेऊन आले की मी वाटी पुढे करते, "जिलबी ह्यांना वाढा, मला मठ्ठा द्या."