झडपेच्या पाच खुणा संगणक कशा हेरतो?

प्रश्न : आईच्या हृदयाची झडप छाती न उघडता, जांघेतून बदलायची ठरली आहे. त्यासाठी डाय देऊन सीटी स्कॅन केला. ‘रक्तवाहिनीवरच्या खुणा आधी संगणक लावतो, मग आम्ही बघतो,’ असं डॉक्टर म्हणाले. संगणकाला नेमकी जागा कळते कशी? त्यावर विसंबावं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : या पद्धतीला टावी म्हणतात. फ्रान्समधल्या रुआँ शहरात डॉ. आलँ क्रिबिए यांनी २००२ साली ती पहिल्यांदा रुग्णावर केली. उघड्या शस्त्रक्रियेत सर्जन झडपेची जागा समोर बघून मोजतो. टावीत ती सोय नाही. नवी झडप केवढी घ्यायची, हे स्कॅनवरूनच आधी ठरवावं लागतं, आणि ते माप खुणांवर अवलंबून असतं.

मुख्य खुणा पाच. बदलायची झडप असते महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या तोंडाशी. तिला तीन पाकळ्या असतात. प्रत्येक पाकळी भिंतीला जिथे सगळ्यात खाली चिकटते, ते तीन तळबिंदू. उरलेल्या दोन म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या डाव्या आणि उजव्या करोनरी धमन्यांची तोंडं. तीन तळबिंदूंतून एकच प्रतल जातं. त्या प्रतलात झडपेच्या कड्याचा परीघ मोजून नव्या झडपेचा आकार निवडतात. झडप लहान पडली तर कडेने रक्त मागे गळतं, फार मोठी झाली तर कडं फाटण्याचा धोका. याच प्रतलापासून करोनरींची तोंडं किती उंचीवर आहेत तेही मोजतात. ही उंची १०-१२ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर नव्या झडपेने बाजूला रेटलेली जुनी पाकळी धमनीच्या तोंडावर येऊन रक्त अडवू शकते.

आता संगणकाकडे वळू. स्कॅनच्या एका कापात ५१२ गुणिले ५१२ ठिपके असतात. असे ४०० काप धरले, तर जवळपास साडेदहा कोटी ठिपक्यांतून पाच जागा शोधायच्या. ‘उजळ दिसेल ती रक्तवाहिनी’ असा सरळ नियम चालत नाही, कारण डायमुळे रक्त उजळ दिसतं तसं झडपेवर साचलेलं कॅल्शियमही उजळच दिसतं.

म्हणूनच इथे डीप लर्निंग, म्हणजे उदाहरणांवरून शिकण्याची पद्धत वापरतात; तिच्यात नियम लिहून देत नाहीत. जाणकारांनी खुणा लावलेले पुष्कळ स्कॅन संगणकाला दाखवतात. तो प्रत्येक ठिपक्याला एक आकडा देतो : खूण इथे असण्याची शक्यता किती. खऱ्या खुणेपाशी आकडा सगळ्यात मोठा यावा आणि लांब जाईल तसा उतरावा, ही अपेक्षा. उत्तर चुकलं की आतली गणितं किंचित बदलायची, पुन्हा तपासायचं, असं हजारो वेळा चालतं. या कामात यू-नेट ही रचना फार वापरली जाते. ती २०१५ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातून आली. ती आधी चित्र लहान करून आजूबाजूचा परिसर ओळखते आणि मग मूळ बारकाव्यावर परत येऊन नेमका ठिपका ठरवते.

राहिला विसंबण्याचा प्रश्न. एकाच स्कॅनवर दोन अनुभवी डॉक्टरांनी खुणा लावल्या तरी थोडा फरक पडतोच, त्यामुळे संगणकाकडून शून्य चुकीची अपेक्षा करता येत नाही. पण सरासरी चूक लहान आहे एवढ्यावर समाधान मानू नये. शंभरातल्या एखाद-दोघांची झडप जन्मतः दोनच पाकळ्यांची असते. तीन तळबिंदू शोधायला शिकवलेली प्रणाली तिथेही बेधडक तीन बिंदू दाखवू शकते. मुद्दाम शिकवल्याशिवाय ‘इथे तिसरा नाही’ असं ती म्हणत नाही. ठोक्यामुळे स्कॅन हलला असेल किंवा कॅल्शियम फार असेल, तरी ती घसरू शकते.

म्हणून विसंबायचं ते डॉक्टरांनी काप पुढे-मागे करून तपासलेल्या, गरज पडली तिथे सरकवलेल्या खुणांवर. संगणकाने वेळ वाचवला, तर तो वेळ या तपासणीत जायला हवा. आईंच्या डॉक्टरांना मोकळेपणाने तीन गोष्टी विचारा : पाकळ्या किती आहेत, कड्याचं माप किती आलं आणि दोन्ही करोनरींची उंची किती.