आत्याच्या अंगात येतं, ते खरं की खोटं?

प्रश्न : आमच्या घरातल्या जुन्या गुपितावर कादंबरी लिहितेय. लहानपणी नात्यातल्याच माणसाने आत्यावर अत्याचार केला. पुढे तिच्या अंगात यायला लागलं. हे खरं दाखवू की थोतांड? – एक वाचक, कळंब

उत्तर : ताई, निवाडा तुम्ही करूच नका. एरवी जिला कुणी विचारत नाही, तिच्या अंगात आलं की घरातला कर्ता पुरुषसुद्धा हात जोडतो. ही ताकद आधी दाखवा. येरमाळ्याच्या देवीची चैत्री यात्रा रंगवा : गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, संबळ चढत जाईल तशी घुमणारी मान. त्या भरात ती नेमकं त्या माणसाकडे बोट दाखवते का? माझ्या मते कादंबरी तिथेच आहे. राजन गवसांची ‘चौंडकं’ ही कादंबरी जरूर वाचा. मांत्रिक आणलात तर काळाचं भान ठेवा. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण त्यात गुन्हा आहे.

बरं होणं मात्र एका प्रकरणात उरकू नका. आत्याला आधी धड झोप लागू दे, मग राग येऊ दे. तिने माफ नाही केलं तरी चालेल. आणि आत्या हयात असतील, तर छापण्याआधी त्यांना विचारा.