धावण्याचे घड्याळ आणि हृदयाचे ठोके

धावण्याच्या घड्याळाकडून दोन कामांची अपेक्षा असते. किती अंतर कोणत्या वेगाने कापले हे मोजायचे आणि धावताना हृदयाचे मिनिटाला किती ठोके पडतात हे सांगायचे. ही कामे करणारी साधने वेगळी असतात आणि ती चुकण्याची कारणेही वेगळी असतात. अंतर बरोबर दाखवणारे घड्याळ ठोकेही बरोबरच दाखवणार, असे धरून खरेदी केली जाते आणि बहुतेक फसगत तिथेच होते. अशी खरेदी करणारा धावपटू महिनोन् महिने चुकीच्या आकड्यावर सराव करत राहतो.

घड्याळाच्या पाठीवर हिरवे दिवे लुकलुकत असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढते, तेव्हा परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. हा चढउतार टिपून घड्याळ ठोक्यांचा हिशेब लावते. म्हणजे ते हृदयाचे काम थेट मोजत नाही, मनगटापर्यंत पोचलेली नाडी पाहते. झोपेत किंवा खुर्चीत बसल्यावर हे मोजमाप चांगले जमते. धावताना हात झुलतो, घड्याळ त्वचेवरून सरकते, फटीतून उजेड आत शिरतो आणि खऱ्या नाडीत हालचालीची खोटी नाडी मिसळते.

यातून होणारी एक चूक प्रत्येक खरेदीदाराला आधीच ठाऊक असायला हवी. बहुतेक धावपटूंची पावले मिनिटाला 160 ते 180 च्या आसपास पडतात आणि जोरात धावताना ठोकेही याच पट्ट्यात असतात. अशा वेळी घड्याळ कधीकधी नाडी सोडून पावलांचा ठेका धरते. पहिल्याच किलोमीटरला 172 चा आकडा दिसतो. प्रत्यक्षात धाप लागलेली नसते, सोबत्याशी गप्पा चालू असतात. नवशिका धावपटू घाबरून चालू लागतो आणि सहज झेपणारा सरावही सोडून देतो. उलट प्रकारही घडतो. चढावर दम लागलेला असतो आणि घड्याळ 125 वर अडलेले असते. मग आकड्यावर विश्वासून तो आणखी रेटतो. पावलांच्या ठेक्याची खूण आलेखात दिसते: ठोके हळूहळू न चढता एकदम उडी मारतात आणि सपाट रेषेत राहतात. शंका आली तर थांबल्याबरोबर मानेवरची नाडी 15 सेकंद मोजून चाराने गुणावी. थांबल्यावर ठोके झपाट्याने उतरतात, म्हणून ही मोजणी लगेच करावी लागते.

इंटरव्हलच्या, म्हणजे आळीपाळीने जोरात धावण्याच्या आणि विश्रांतीच्या सरावात अडचण वेगळी असते. 400 मीटरची एक फेरी दीड-दोन मिनिटांत संपते आणि मनगटावरचा आकडा वर चढेपर्यंत विश्रांती सुरू झालेली असते. पुण्या-नाशिकच्या जानेवारीतल्या पहाटे थंडीने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून पहिली काही मिनिटे आकडा भलताच येतो. मनगटावर गडद टॅटू असेल तर प्रकाश अडतो. सावळ्या त्वचेवर ही घड्याळे चालत नाहीत असा समज आहे. पण अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये केलेल्या तपासणीत त्वचेच्या रंगामुळे अचूकतेत लक्षणीय फरक आढळला नाही. फरक पडला तो कोणते घड्याळ आहे आणि शरीराची हालचाल किती आहे, यामुळे.

घालण्याच्या पद्धतीने यातले बरेच सुधारते. मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, धावताना सरकणार नाही इतके घट्ट घड्याळ बांधावे आणि धाव संपली की पट्टा सैल करावा. जड आणि मोठे घड्याळ बारीक मनगटावर अधिक हलते. ते दुकानात दिमाखदार दिसते, म्हणून घेण्याआधी हातावर बांधून जागच्या जागी जॉगिंग करून पाहणे शहाणपणाचे.

ठोक्यांवरच सराव आखायचा असेल तर छातीच्या पट्ट्याला अजून तोड नाही. तो प्रकाशावर चालत नाही, हृदयाचे विद्युत्संकेत थेट टिपतो. फिनलंडच्या पोलार कंपनीने 1982 मध्ये असा बिनतारी पट्टा बाजारात आणला आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. पट्ट्याची त्वचेला टेकणारी बाजू पाण्याने ओली करून बांधले की सुरुवातीचे चुकीचे आकडेही टळतात. म्हणून घड्याळ घेताना पहिला प्रश्न असा विचारावा: ब्लूटूथ किंवा अँट प्लस या बिनतारी जोडणीवरून ते छातीच्या पट्ट्याचे ठोके घेऊ शकते का? इथे एक बारीक मेख आहे. काही घड्याळे स्वतःचे ठोके मोबाईलला पाठवू शकतात, पण दुसऱ्या साधनाचे घेऊ शकत नाहीत. खोक्यावरच्या मजकुरातून हा फरक सहज लक्षात येत नाही, तो मुद्दाम विचारून घ्यावा लागतो.

घड्याळ सरावासाठी ठोक्यांचे जे झोन (पट्टे) दाखवते, ते सुरुवातीला बहुधा 220 वजा वय या सूत्रावर बेतलेले असतात. चाळीस वर्षांच्या माणसाच्या ठोक्यांची कमाल त्यावरून 180 धरली जाते. खरी कमाल मात्र या सूत्रापेक्षा दहा-बारा ठोक्यांनी इकडे-तिकडे असणे अगदी सामान्य आहे. स्वतःची कमाल भरण्याची आणि झोन बदलण्याची सोय घड्याळात असलीच पाहिजे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके औषधामुळे दबलेले असतात, म्हणून त्यांनी हे झोन डॉक्टरांना विचारूनच ठरवावेत.

जीपीएसच्या बाबतीत पहिली अडचण नावातच आहे. स्वस्त स्मार्टवॉचच्या जाहिरातीत जीपीएस लिहिलेले असते, पण पुष्कळदा ते मोबाईलचे उधार घेतलेले असते. फोन घरी ठेवला की अंतर फक्त पावलांवरून अंदाजाने येते. घड्याळात स्वतःचे जीपीएस आहे की फोनला जोडून चालणारे, हे स्पष्ट करून घ्यावे.

जागा ठरवायला घड्याळाला किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात. उंच इमारतींच्या रस्त्यावर संकेत भिंतींवर आपटून उशिरा पोचतात आणि नकाशावरची रेषा रस्ता सोडून इमारतींतून जाते. लोअर परळमध्ये हे दिसते, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर मोकळ्या आकाशाखाली दिसत नाही. दुहेरी वारंवारिता वापरणारी घड्याळे परावर्तित संकेत बऱ्यापैकी ओळखून वगळतात. गेल्या काही वर्षांत ही सोय मधल्या किमतीच्या घड्याळांतही आली आहे. टॉवरांच्या वस्तीत धावणाऱ्याने तिच्यासाठी जास्त पैसे मोजावेत. गावाकडच्या रस्त्यावर किंवा मोठ्या मैदानाजवळ धावणाऱ्याला तिची गरज नाही. खोक्यावर गॅलिलिओ, ग्लोनास किंवा आपले नाविक या उपग्रह प्रणालींची नावे असली तरी तेवढ्याने अचूकतेची हमी मिळत नाही.

मॅरेथॉनमध्ये घड्याळ 42.195 किलोमीटरऐवजी साडेबेचाळीस किंवा त्याहून अधिक दाखवते, तेव्हा आयोजकांना दोष दिला जातो. मान्यताप्राप्त शर्यतीचा मार्ग मोजणी आधी तपासून जुळवलेल्या सायकलने, वळणांवरच्या सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात आणि तो कमी भरू नये म्हणून हजारी एक इतके अंतर वाढवतात. गर्दीत त्या रेषेवरून धावणे जमत नाही. त्यातच जीपीएसची चूक मिसळते. क्षणाक्षणाचा पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळही सतत उड्या मारतो, म्हणून चालू किलोमीटरचा सरासरी पेस पडद्यावर ठेवावा.

बॅटरीचा विचार आपल्या सर्वांत लांब शर्यतीवरून करावा. आठवड्याला दहा-पंधरा किलोमीटर धावणाऱ्याला कोणतेही घड्याळ पुरते. पण दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या लांब शर्यतीला महाराष्ट्रातूनही धावपटू जातात. तिथे बारा तासांची मुदत असते, शिवाय बॅटरी जुनी झाली की क्षमता घटते. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटासारखे चढ धावायचे असतील तर उंचीसाठी हवेचा दाब मोजणारे घड्याळ उपयोगी पडते. पावसाळ्यात आणि घामात टचस्क्रीन दगा देते, म्हणून निदान सुरू-बंद आणि लॅपसाठी बटणे असावीत. गाणी, पैसे भरणे, झोपेचे गुण या सोयी आवडल्या तर घ्याव्यात, धावण्याला त्यांचा उपयोग नाही.

परत करण्याची मुदत संपायच्या आत दोन गोष्टी तपासाव्यात. अंतर ठाऊक असलेल्या रस्त्यावर, उपग्रह सापडल्याची खूण आल्यानंतरच सुरुवात करून, वेगवेगळ्या दिवशी धावावे आणि अंतर जुळते का ते पाहावे. मित्राचा छातीचा पट्टा त्याच्या फोनला किंवा घड्याळाला जोडून स्वतः बांधावा आणि एक संथ व एक इंटरव्हलची धाव करून दोन्ही आलेख शेजारी ठेवावेत. संथ धावेतही पाच-सात ठोक्यांहून अधिक फरक सतत पडत असेल तर घड्याळ परत करावे. पैसे मोजके असतील तर स्वतःचे जीपीएस असलेले, बटणांचे, साधे घड्याळ आणि एक छातीचा पट्टा ही जोडी महागड्या एकट्या घड्याळापेक्षा सरस ठरते.

धावण्याचे घड्याळ हृदयाची वैद्यकीय तपासणी करत नाही. धावताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा ठोके अनियमित वाटले, तर पडद्यावरचा आकडा कितीही समाधानकारक असो, तिथेच थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.