डोक्याला लागलेला मार आणि नंतरचे काही तास

दूरदर्शनवर मुष्टियुद्ध पाहताना आपली नजर रिंगणातल्या दोघांवर खिळलेली असते. रिंगणाच्या कडेला बसलेल्या डॉक्टरकडे कुणाचे लक्ष जात नाही. त्याला तेथे कोण बसवते आणि लढत संपली तरी त्याचे काम का संपत नाही, हे आज समजावून घेऊ. कारण त्यातला धडा तुमच्याआमच्या घरालाही लागू पडतो.

अमेरिकेत व्यावसायिक मुष्टियुद्धावर देखरेख ठेवण्यासाठी राज्य सरकारांचे क्रीडा आयोग आहेत. न्यूयॉर्क राज्याने १९२० साली वॉकर कायदा करून असा आयोग नेमला. नेवाडा राज्याचा आयोग १९४१ सालचा. मुष्टियोद्धा, आयोजक, पंच या सर्वांना आयोगाचा परवाना घ्यावा लागतो. हा परवाना मिळण्याआधी मुष्टियोद्ध्याची वैद्यकीय तपासणी होते. प्रमुख राज्यांत एचआयव्ही आणि कावीळ ब व क यांसाठी रक्त तपासतात, डोळ्यांचा पडदा पाहतात आणि मेंदूचे चित्रणही मागतात.

१९९६ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने मुष्टियुद्ध सुरक्षा कायदा केला. त्यानुसार लढतीपूर्वी डॉक्टरने खेळाडू तंदुरुस्त असल्याचा दाखला दिला पाहिजे, संपूर्ण लढतभर रिंगणाजवळ डॉक्टर हजर पाहिजे, रुग्णवाहिका किंवा श्वास चालू करण्याची साधने असलेले पथक जागेवर पाहिजे आणि खेळाडूचा आरोग्य विमा उतरवलेला पाहिजे. एका राज्याने दुखापतीमुळे लढण्यास बंदी केली, तर दुसऱ्या राज्यात जाऊन लढण्याची पळवाटही या कायद्याने बंद करण्याचा प्रयत्न केला.

एवढी तयारी असताना धोका राहतो कोठे? याचे उत्तर एका दुर्दैवी घटनेत आहे. २ नोव्हेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मागोमेद अब्दुसलामोव्ह हा रशियन मुष्टियोद्धा पूर्ण दहा फेऱ्या लढला आणि गुणांवर हरला. तो बेशुद्ध पडला नव्हता. लढतीनंतर डॉक्टरांनी त्याला तपासले, जखमेला टाके घातले. तो चालत होता, बोलत होता. मात्र पुढे त्याची तब्येत बिघडत गेली आणि तो रुग्णवाहिकेतून नव्हे, तर टॅक्सीने रुग्णालयात पोहोचला. तेथे मेंदूवर रक्ताची गुठळी सापडली. तातडीने शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. पण तो कायमचा अपंग झाला. २०१६ साली राज्याच्या महानिरीक्षकांनी चौकशी अहवालात आयोगाच्या वैद्यकीय व्यवस्थेतील त्रुटी दाखवून दिल्या. २०१७ साली राज्य सरकारने त्याच्या कुटुंबाला २ कोटी २० लाख डॉलर देऊन दावा मिटवला. मेंदूच्या जीवघेण्या दुखापतीसाठी किमान १० लाख डॉलरचा विमा हवा, अशी अटही न्यूयॉर्कने २०१६ सालीच घातली.

आता चालता-बोलता माणूस काही वेळाने असा का कोसळतो, ते पाहू. आपला मेंदू कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात असतो. जोराचा ठोसा बसला की डोके झटक्याने फिरते, मेंदू मात्र किंचित मागे राहतो. या ओढाताणीत मेंदूच्या पृष्ठभागावरून आवरणाकडे जाणाऱ्या नाजूक शिरा तुटतात. शिरेतले रक्त बहुधा हळूहळू झिरपते, म्हणून सुरुवातीला फक्त डोके दुखते. पण कवटी हाडाची पेटी आहे, ती फुगू शकत नाही. साचलेल्या रक्ताचा दाब मेंदूवर वाढत जातो आणि शेवटी श्वास चालवणारे केंद्रच दाबले जाते. बाहेरून ना जखम दिसते, ना सूज. म्हणून एकदा तपासून भागत नाही, पुन्हा पुन्हा पाहावे लागते.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. ठोशाने कोसळून किंवा पंचाने लढत थांबवल्यामुळे हरलेल्या खेळाडूवर आयोग ठरावीक काळ वैद्यकीय बंदी घालतो. ती साधारणपणे ३० किंवा ६० दिवसांची, गंभीर दुखापतीत त्याहून जास्त असते. ही शिक्षा नव्हे. मार बसलेला मेंदू पूर्ववत होण्याआधी दुसरा मार बसला, तर तो हलका असला तरी घातक ठरू शकतो.

वाचकहो, आपल्या गावच्या मैदानावर असा आयोग येऊन बसत नाही. जत्रेतली कुस्ती असो, कबड्डीचा सामना असो, की मोटारसायकलवरून पडणे असो, डोक्याला मार लागल्यावर पहिली देखरेख वस्तादांनी, सोबत्यांनी आणि घरच्यांनीच करायची असते. तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१. डोक्याला मार लागून क्षणभर जरी शुद्ध हरपली किंवा भान गेले, तरी त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नका. डॉक्टरला दाखवा.

२. पुढचे २४ तास त्याला एकटे सोडू नका. झोपला तर मधूनमधून उठवून नाव, गाव विचारा.

३. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, हातापायातली शक्ती कमी होणे, आकडी येणे, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्या.

४. डोकेदुखीवर स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. दारू तर मुळीच नको, कारण नशा आणि गुंगी यांतला फरक ओळखता येत नाही.

५. डॉक्टरने परवानगी देईपर्यंत तालीम बंद.

‘गडी उठून उभा राहिला, काही झालं नाही त्याला,’ असे आपण सहज बोलून जातो. तो उभा राहिला ही चांगलीच गोष्ट. पण त्याला काही झाले नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवावे.