शिक्षकाचे तत्त्वज्ञान व अध्यापनशैली : सुरतेच्या वर्गातील एक प्रश्न

अध्यापक विद्यालयात आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद या संज्ञांचा अभ्यास बहुतेक शिक्षकांनी केलेला असतो. परीक्षेनंतर त्या विस्मरणात जातात. परंतु बालक, ज्ञान आणि चूक यांविषयीची शिक्षकाची धारणा कायम राहते व तीच त्याच्या अध्यापनशैलीत उतरते. मात्र ही धारणा त्याने बोलून दाखविलेल्या विचारांशी जुळतेच असे नाही.

सुरत महानगरपालिकेच्या शाळांमध्ये मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत. लिंबायत, उधना या भागांत कापडउद्योगाच्या निमित्ताने आलेली अनेक खानदेशी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. अशा घरातील बालक घरी अहिराणी बोलते, गल्लीत गुजराती व हिंदी ऐकते आणि वर्गात त्याची गाठ प्रमाण मराठीशी पडते. समजा, पहिलीतील मुलगा म्हणाला, "मना भाऊ." पाठ्यपुस्तकात 'माझा भाऊ' असे आहे.

ज्ञान म्हणजे पुस्तकातील शुद्ध रूप, असे मानणारा शिक्षक तत्काळ दुरुस्ती करील व ते रूप साऱ्या वर्गाकडून पाच वेळा वदवून घेईल. बालक भाषा घेऊनच शाळेत येते, असे मानणारा विचारील, "काय करतो रे तुझा भाऊ?" मुलाचे सांगून झाल्यावर 'मना' आणि 'माझा' फळ्यावर शेजारी शेजारी येतील. 'माझा' दोघांनाही शिकवायचेच आहे; भेद आहे तो क्रमाचा.

तिसरा शिक्षक आपल्या अधिक परिचयाचा आहे. चर्चासत्रात तो बालकेंद्री शिक्षणाचा पुरस्कार करतो आणि वर्गात पाठांतर घेतो. त्याला दांभिक म्हणणे अन्यायाचे होईल. नेमलेला भाग व परीक्षा त्याच्या मानेवर बसलेल्या असतात. परंतु मुलाला त्याचे काय? दोनदा मध्येच अडविलेला मुलगा तिसऱ्यांदा भावाविषयी बोलतच नाही, आणि पुढे त्याच्या मौनाची गणना मंदबुद्धीत होते.

व्याकरणाचा आग्रह धरणारा शिक्षक प्रश्नांना विरोधीच असतो, असा समज येथे होऊ नये. १८३६ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे याच सुरतेत इंग्रजी शाळेत अध्यापक होते. येथील शिक्षक दुर्गाराम मंछाराम मेहता व अन्य सहकाऱ्यांसह त्यांनी १८४४ मध्ये मानवधर्मसभा स्थापिली. मंत्रतंत्राचा दावा करणाऱ्यांना ही सभा जाहीरपणे प्रमाण मागत असे. भाषेचे नियम बांधणारा मनुष्य रूढीला प्रश्न विचारू शकत होता. म्हणजे नियम आणि जिज्ञासा एका शिक्षकाच्या ठायी नांदू शकतात.

आपली शैली पारखण्यासाठी शिक्षकाने एक आठवडा साधी टिपणवही ठेवावी. विद्यार्थ्याच्या प्रत्येक चुकीच्या उत्तरानंतर आपल्या तोंडून निघालेले पहिले वाक्य तीत जसेच्या तसे लिहावे. तपासणी अधिकाऱ्यांनीही शाळाभेटीत शिक्षकाशी बोलताना आरंभ या वहीपासून करावा.