पिंपातला गाळ, धरणातला गाळ

पावसाळा आला की पेपरातली एक चौकट हॉस्टेलच्या मेसमध्येही वाचली जाते : ‘मुंबईच्या सात तलावांत इतके टक्के पाणी’. पण हे टक्के कशाचे, असा प्रश्न आपल्याला कधी पडतो का?

सातही तलावांचा मिळून पूर्ण उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर धरतात. साठा कोणी मापाने मोजत नाही. धरणावरच्या पट्टीवर पातळी वाचायची आणि तक्त्यात त्या पातळीसमोरचा साठा बघायचा, इतकंच. म्हणजे सगळी भिस्त तक्त्यावर. गिरगावच्या चाळीतलं पिंप आठवा. तळाशी चार बोटं गाळ बसला तरी पिंप काठोकाठच दिसतं, पण पाणी मात्र कमी! विहार तलाव १८६० चा, मध्य वैतरणा २०१४ चं. दोघांनाही हाच नियम.

मग मोजायचं कसं? तलाव भरलेला असताना बोटीतून ठरलेल्या रेषांवर फिरायचं. जीपीएस जागा सांगतं, इको साउंडर खोली. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे १४८० मीटर जातो. तळावर आपटून परत यायला लागलेला वेळ गुणिले वेग, भागिले दोन. सुरुवातीला धातूची पट्टी माहीत असलेल्या खोलीवर सोडून यंत्र तपासायचं, हा ‘बार चेक’ चुकवू नका. त्या दिवशीच्या पाणीपातळीतून खोली वजा केली की तळाची पातळी मिळते. मग कंटूर काढायचे.

दुसरी पद्धत उपग्रहाची. वेगवेगळ्या पातळ्यांना पाणी किती पसरलंय ते चित्रावरून मोजायचं. नाशिकची ‘मेरी’ संस्था अशी सर्वेक्षणं करते. खर्च कमी, पण पाणी जिथवर उतरतं त्याखालचा तळ उपग्रहाला दिसत नाही.

आता एक गणित. (आकडे समजण्यापुरते.) एक मीटर अंतरावरच्या दोन कंटूरची क्षेत्रफळं पूर्वी ४.०० आणि ४.४१ चौ. किमी होती.

घनफळ = (१/३) × (४.०० + ४.४१ + √(४.०० × ४.४१)) = ४.२०३ दलघमी

नव्या सर्वेक्षणात ३.६१ आणि ४.०० आली, तर ३.८०३. फरक ०.४ दलघमी, म्हणजे ४० कोटी लिटर. माणशी १३५ लिटर धरले तर जवळजवळ ३० लाख लोकांचं एका दिवसाचं पाणी, आणि तेही फक्त एका मीटरच्या थरात!

व्हायव्हात हमखास चुकणारी गोष्ट : ‘गाळ तळच्या मृत साठ्यातच बसतो.’ चूक! नदी तलावात शिरते तिथेच वेग मंदावतो, जाड वाळू तिथेच पडते आणि उपयुक्त साठा खाते. बारीक गाळ तेवढा भिंतीपर्यंत पोचतो.

मुंबईला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी लागतं. तक्ता एका टक्क्याने चुकला, तर कागदावर साडेतीन दिवसांहून जास्त पाणी दिसतं, जे प्रत्यक्षात नसतं. जून कोरडा गेला की हेच दिवस लालबाग-परळच्या नळाला जाणवणार.

विहार-तुळशीभोवती राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, ते माती धरून ठेवतं. गाळ उपसण्यापेक्षा तो येऊच न देणं स्वस्त. पण आला किती, हे मोजणारा माणूस हवाच. तेव्हा सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला फील्ड बुक कॉपी मारण्याआधी एवढं आठवा. आणि हो, हॉस्टेलच्या टाकीतही एकदा काठी बुडवून बघा!